परक्या संगणकाचे दार

११ सप्टेंबर १९४०. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातले हॅनोव्हर हे गाव. तेथील डार्टमथ महाविद्यालयात गणितज्ञांचे अधिवेशन भरले होते आणि त्यांच्यासाठी एक टेलिप्रिंटर मांडून ठेवला होता. बेल प्रयोगशाळेतील जॉर्ज स्टिबिट्झ यांनी उपस्थितांना त्यावर संमिश्र संख्यांची उदाहरणे टंकित करून पाहण्याचे आवाहन केले. उदाहरण तारेवरून न्यूयॉर्कला जाई, तेथील रिलेंनी बनवलेले गणनयंत्र ते सोडवी आणि थोड्याच वेळात उत्तर त्याच टेलिप्रिंटरवर उमटे. यंत्र होते सुमारे चारशे किलोमीटर दूर. नॉर्बर्ट वीनर आणि जॉन मॉकली हेही त्या सभेला होते. गणनयंत्र समोर नसताना त्याच्याकडून काम करून घेण्याचा हा पहिला जाहीर प्रयोग मानला जातो.

आज दूरच्या संगणकावर प्रोग्रॅम चालवणे आणि हजारो संगणकांतून हवी ती फाइल शोधून काढणे या गोष्टींचे कोणालाच नवल वाटत नाही. त्यांचे इतिहास मात्र बहुधा वेगवेगळे सांगितले जातात. वस्तुतः दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न होता : परक्या यंत्राचे दार कोणासाठी आणि कितपत उघडे ठेवायचे? त्या दाराची ही हकीकत.

१९६६ साली रॉबर्ट टेलर हे अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'आर्पा' या संस्थेत संगणक-संशोधन विभागाचे प्रमुख झाले. पेंटागॉनमधील त्यांच्या कार्यालयात तीन टर्मिनले होती. एक एमआयटीच्या संगणकाला जोडलेले, दुसरे बर्कलीच्या विद्यापीठाला, तिसरे सांता मोनिका येथील यंत्राला. तिन्हींच्या आज्ञा निराळ्या, लॉगिन करण्याच्या पद्धती निराळ्या. बर्कलीच्या माणसाशी चाललेल्या कामात सांता मोनिकाच्या माणसाला घ्यायचे तर एका टर्मिनलवरून उठून दुसऱ्यासमोर जाऊन बसायचे. एकाच टर्मिनलवरून सगळीकडे जाता आले पाहिजे, हा विचार टेलर यांना त्या उठबशीतून सुचला. आर्पाचे संचालक चार्ल्स हर्झफेल्ड यांच्याकडून त्यांनी दहा लाख डॉलर मिळवले आणि पुढे लॅरी रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली 'आर्पानेट' उभे राहिले.

२९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातून चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील यंत्राकडे अक्षरे पाठवायला सुरुवात केली. 'एल' पोहोचले, 'ओ' पोहोचले आणि पलीकडचा संगणक बंद पडला. इंटरनेटवरचा पहिला संदेश म्हणून हा प्रसंग इतक्यांदा सांगितला गेला आहे की त्यातली एक साधी गोष्ट नजरेआड होते. क्लाइन कोणाला निरोप पाठवत नव्हता. तो 'लॉगिन' हा शब्द टंकित करत होता. म्हणजे जाळ्याने केलेले पहिले काम गप्पांचे नव्हते. दुसऱ्याच्या यंत्राचे दार ठोठावण्याचे होते. तासाभराने ते उघडलेही.

दार ठोठावण्याच्या या रीतीला पुढे 'टेलनेट' हे नाव मिळाले. तिची कल्पना अगदी सरळ आहे. आपण कळफलकावर जे टंकित करू ते जसेच्या तसे दूरच्या यंत्राकडे जायचे आणि तेथे जे छापले जाईल ते आपल्या पडद्यावर यायचे. प्रोग्रॅम तेथे चालतो, स्मृती तेथली वापरली जाते. आपल्या हाताशी उरतात फक्त बोटे आणि डोळे. १९९५ नंतर ज्यांनी मुंबई-पुण्यात व्हीएसएनएलचे स्वस्तातले, केवळ अक्षरे दाखवणारे 'शेल' खाते वापरले, त्यांनी हा अनुभव घेतलेला आहे. घरच्या संगणकाने फोन लावायचा आणि पत्रे वाचण्याचा, संकेतस्थळे पाहण्याचा प्रोग्रॅम मात्र व्हीएसएनएलच्या यंत्रावर चालायचा.

तथापि परक्या यंत्रात शिरायचे म्हणजे त्याच्या चालीरीती शिकणे आले. या अडचणीचा विचार नीट मांडला तो एका भारतीय तरुणाने. अभय भूषण हे अलाहाबादचे, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे, १९६५ चे पदवीधर. १६ एप्रिल १९७१ रोजी एमआयटीत असताना त्यांनी 'आरएफसी ११४' हे टिपण लिहिले. जाळ्याचा वापर दोन प्रकारचा असतो, असे त्यांनी त्यात म्हटले : प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष. प्रत्यक्ष वापरात माणूस दूरच्या यंत्रात स्वतः शिरतो, तेथलाच एक होऊन काम करतो आणि म्हणून तेथले नियम त्याला ठाऊक असावे लागतात. अप्रत्यक्ष वापरात तो आपल्याच यंत्रावर बसून ठरावीक आज्ञा देतो. मधला एक प्रोग्रॅम पलीकडच्या यंत्राशी त्याच्या भाषेत बोलतो आणि फाइल आणून देतो. फाइल-वाहतुकीची ही पद्धत म्हणजे 'एफटीपी'. पाहुणा होऊन घरात शिरणे आणि उंबरठ्यावरूनच हवी ती वस्तू मागून घेणे, इतका हा फरक आहे. पुढील पन्नास वर्षांत जाळ्यावर जे जे घडले त्यातले पुष्कळसे या दोनांपैकी एका प्रकारात बसते. असे असूनही भूषण यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही, याचे आश्चर्य वाटते.

दारांबाबतचा पहिला इशाराही लवकरच आला. डिसेंबर १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांनी, नाताळच्या दिवसांना शोभेल अशा खेळकर शीर्षकाखाली, 'आरएफसी ६०२' लिहिले. त्यातला मजकूर खेळकर नव्हता. संगणक असलेल्या खोलीला कुलूप लावले की झाले, या समजुतीत केंद्रे अजून वावरत आहेत, असे त्यांनी लिहिले. लोक परवलीचा शब्द म्हणून स्वतःचे पहिले नाव, आद्याक्षरे किंवा यंत्राचेच नाव उलटे लिहून वापरतात. जाळ्यात शिरण्याचे फोन क्रमांक सर्वांच्या हाती लागले आहेत. एका यंत्राचा तर सर्वाधिकाराचा परवलीचा शब्द लॉस एंजेलिसच्या दोन शाळकरी मुलांनी हस्तगत केला होता. हे टिपण जाळ्यावरच्या सर्वांना वाचता येत होते. त्यावरून दारे बदलली नाहीत.

बदलली तर ती आणखी सैल झाली. १९८३ साली बर्कली विद्यापीठाने युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती काढली. तिच्यात आरलॉगिन, आरएसएच, आरसीपी अशा आज्ञांचा संच होता. आरंभीचे 'आर' म्हणजे रिमोट, दूरस्थ. आरएसएच वापरून दूरच्या यंत्रावर एखादी आज्ञा चालवता येई आणि निकाल आपल्या पडद्यावर येई. तेथे जाऊन बसण्याचीही गरज नसे. सोय अशी की संशोधकांना तिची लगेच सवय लागली. सोयीचे मर्म एका छोट्या यादीत होते. प्रत्येक यंत्रावर विश्वासातल्या यंत्रांची नावे लिहिलेली फाइल असे. शिवाय प्रत्येक वापरकर्ता स्वतःचीही यादी ठेवू शके. यादीतल्या यंत्रावरून कोणी आले तर त्याला परवलीचा शब्द विचारला जात नसे. जुन्या वाड्यांत रात्री मुख्य दरवाजाला अडसर लागे, आतल्या बिऱ्हाडांची दारे मात्र नुसती लोटलेली असत. तसाच हा प्रकार.

ही व्यवस्था करणारे लोक भोळे होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांचा हिशेब त्यांच्या काळाला धरून होता. संगणक मोठा आणि महाग, त्याला एक जबाबदार व्यवस्थापक नेमलेला आणि सर्वाधिकार त्याच्याच हाती. अशा यंत्राने 'हा माणूस आमचा अमुक आहे' असे सांगितले तर ते खरे मानायला हरकत नव्हती. मात्र त्याच दशकात टेबलावर मावणारी वर्कस्टेशने आली आणि जो तो आपापल्या यंत्राचा मालक झाला. व्यवस्थापकावर ठेवलेला विश्वास आता वाटेल त्याच्या पदरात पडू लागला. याद्या तशाच राहिल्या.

२ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी त्याचा परिणाम दिसला. कॉर्नेल विद्यापीठात शिकणारा रॉबर्ट टॅपन मॉरिस हा विद्यार्थी एमआयटीच्या एका संगणकात दुरूनच शिरला आणि तेथून त्याने एक प्रोग्रॅम सोडला. स्वतःच्या प्रती काढत एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या या प्रोग्रॅमला 'वर्म' म्हणजे कृमी म्हणू लागले. त्याला वाटा अनेक होत्या. टपाल पोहोचवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तपासणीसाठी ठेवलेली एक पळवाट होती. वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या 'फिंगर' या सेवेला प्रमाणाबाहेर लांब मजकूर दिला की ती भलत्याच आज्ञा पाळू लागे. या दोन त्रुटी होत्या आणि त्या दुरुस्त करता येण्याजोग्या होत्या. तिसरी वाट त्रुटीची नव्हती. कृमी यंत्रावरची विश्वासाची यादी वाचे, तिच्यातल्या नावांकडे आरएसएच वापरून जाई आणि पलीकडचे यंत्र नियमाप्रमाणे दार उघडी. सगळे काही ठरल्याप्रमाणेच चालले होते.

परवलीच्या शब्दांचेही तेच. कृमी आधी वापरकर्त्याचे खातेनाव, मग त्याचे पहिले नाव, आडनाव, मग खातेनाव उलटे करून पाहत असे. त्याने भागले नाही तर स्वतःजवळच्या ४३२ शब्दांची यादी काढत असे. मेटकाफ यांच्या टिपणाला तेव्हा पंधरा वर्षे होत आली होती.

मॉरिसला जाळे मोडायचे नव्हते असे दिसते. एकाच यंत्रावर अनेक प्रती जमू नयेत म्हणून कृमी आधी दुसरी प्रत आहे का हे विचारी. परंतु कोणी खोटेच 'आहे' असे उत्तर देऊन त्याला फसवू नये यासाठी सातांपैकी एका वेळी उत्तराकडे दुर्लक्ष करण्याची तरतूद त्याने केली होती. हे प्रमाण फारच मोठे ठरले. प्रतींवर प्रती चढत गेल्या आणि यंत्रे त्यांच्या ओझ्याखाली गुदमरली. मॉरिसच्या एका मित्राने कृमी कसा थांबवावा हे सांगणारा निनावी निरोप पाठवला. तो निरोप त्याच गुदमरलेल्या जाळ्यात अडकून उशिरा पोहोचला. त्या वेळच्या सुमारे ६०,००० यंत्रांपैकी ६,००० बाधित झाली, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. हा आकडा मोजणीचा नव्हे, अंदाजाचा आहे, हे इतिहासाच्या वाचकाने ध्यानात ठेवलेले बरे. मॉरिसला १९९० मध्ये तीन वर्षांची देखरेख, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. त्याचे वडील अमेरिकेच्या राष्ट्रीय संगणक-सुरक्षा केंद्राचे मुख्य शास्त्रज्ञ होते.

येथे एक प्रश्न उभा राहतो. इतके होऊनही सगळी दारे तत्काळ बंद का झाली नाहीत? कारण त्याच उघड्या दारांमधून जाळ्यावरची सर्वात मोलाची गोष्ट ये-जा करत होती : फुकट वाटलेले प्रोग्रॅम, शोधनिबंध, माहितीचे साठे.

एफटीपीत एक प्रघात रूढ झाला होता. केंद्राने आपल्या यंत्रावरचा ठरावीक भाग सर्वांसाठी मोकळा ठेवायचा. येणाऱ्याने वापरकर्त्याच्या जागी 'ॲनॉनिमस', म्हणजे अनामिक, असे लिहायचे आणि परवलीच्या शब्दाच्या जागी शिष्टाचार म्हणून आपला ई-मेल पत्ता द्यायचा. अनेक केंद्रे विनंती करत की कचेरीच्या वेळात फार मोठ्या फाइली नेऊ नका. बंधन असे काही नव्हते; शेजारधर्म होता. १९९१ च्या सप्टेंबरात लायनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने लिहिलेली नवी कार्यप्रणाली अशाच एका फिनिश भांडारात ठेवली गेली. त्याला तिचे नाव 'फ्रीक्स' ठेवायचे होते. भांडाराची देखभाल करणाऱ्या आरी लेम्के यांनी डिरेक्टरीला परस्पर 'लिनक्स' असे नाव दिले आणि तेच टिकले.

अडचण एकच होती. अशी भांडारे शेकड्यांनी झाली, पण कोणती फाइल कोठे आहे हे सांगणारे कोणी नव्हते. यंत्रांची नावे शोधण्याची सोय झालेली होती. पूर्वी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट साऱ्या जाळ्यातील यंत्रांची एकच यादी सांभाळी, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी तिच्या जागी नावांची विभागलेली व्यवस्था, म्हणजे आजची डीएनएस, मांडली. पण तिने कळे ते घर कोठे आहे एवढेच. घरात काय आहे ते कळत नसे. त्यासाठी माणसांनाच विचारावे लागे. कोणाला तरी ठाऊक असे, तो कोणाला तरी सांगे.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटाज हा बार्बाडोसहून आलेला पदव्युत्तर विद्यार्थी संगणक विभागाच्या यंत्रांची व्यवस्था पाहत असे. विभागातील लोकांसाठी लागणारे प्रोग्रॅम मिळवणे हे त्याचे एक काम, आणि विकत घ्यायला पैसे नाहीत. म्हणून तो जाळ्यावरची अनामिक भांडारे धुंडाळी. रोज तेच ते करून कंटाळल्यावर त्याने हे काम यंत्राकडे सोपवले. रात्री त्याच्या आज्ञावली एकेका भांडारात जात आणि तेथल्या फाइलींची नुसती यादी उचलून आणत. फाइली नव्हे, फक्त त्यांची नावे. कोणी काही मागितले की एमटाज त्या याद्यांत ते नाव शोधी आणि पत्ता सांगे. हे सारे त्याने स्वतःच्या सोयीसाठी केले होते.

मागण्या वाढल्या तेव्हा त्याचे वरिष्ठ पीटर डॉइच आणि सहकारी बिल हीलन यांनी त्याला बाहेरच्यांसाठी दार करून दिले. १० सप्टेंबर १९९० रोजी ते जगापुढे आले. 'आर्काइव्ह' या शब्दातून एक अक्षर गाळून त्याला 'आर्ची' हे नाव दिले होते. चित्रकथेतल्या आर्चीशी त्याचा संबंध नव्हता. पुढे आलेल्या 'व्हेरॉनिका' आणि 'जगहेड' या शोधयंत्रांनी मात्र तो संबंध हौसेने जोडून घेतला.

आर्ची वापरायचे कसे? टेलनेटने मॅकगिलच्या यंत्रात शिरायचे, 'आर्ची' या नावाने लॉगिन करायचे आणि तेथला शोधप्रोग्रॅम चालवायचा. तो भांडाराचे नाव, डिरेक्टरी, फाइलीचा आकार आणि तारीख सांगे. मग तेथून बाहेर पडून एफटीपीने त्या भांडारात जायचे आणि फाइल आणायची. भूषण यांनी १९७१ मध्ये सांगितलेले प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष हे दोन्ही वापर अशा रीतीने एकाच कामात गुंफले गेले. एखादी फाइल कोठे आहे हे कळण्यासाठी आधी परक्या यंत्रावर प्रोग्रॅम चालवावा लागे आणि अनोळखी माणसाला तो चालवू देणारे एक यंत्र मॉन्ट्रियलमध्ये होते. कृमी प्रकरणाला तेव्हा पुरती दोन वर्षेही झाली नव्हती.

आर्चीला मर्यादा होत्या. फाइलीच्या आत काय आहे ते त्याला कळत नसे. नाव ठाऊक नसेल तर शोध अवघड. भांडारांवर भार पडू नये म्हणून याद्या रोज नव्याने आणल्या जात नसत, त्यामुळे काही वेळा सांगितलेल्या पत्त्यावर फाइल नसे. तरीही इंटरनेटवरचे पहिले शोधयंत्र म्हणून त्याचाच मान आहे. एमटाज यांनी त्याचे पेटंट घेतले नाही.

पुढच्या दोन-तीन वर्षांत मिनेसोटाचे 'गोफर' आले, सर्नचे वेब आले आणि फाइलींच्या नावांऐवजी मजकूर शोधण्याचे दिवस आले. आर्ची मागे पडले. टेलनेट आणि आरलॉगिन मात्र होते तसेच चालू राहिले, आणि त्यांचे एक जुने दुखणे आता उघड झाले. परवलीचा शब्द तारेवरून जसाच्या तसा, उघडा जात असे. वाटेतल्या एखाद्या यंत्रावर बसून तो वाचणे कठीण नव्हते. फेब्रुवारी १९९४ मध्ये, कृमीनंतर स्थापन झालेल्या 'सर्ट' या संस्थेने जाहीर इशारा दिला की अशा टेहळणीतून हजारो खात्यांचे परवलीचे शब्द चोरीला गेले आहेत.

१९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या जाळ्यावर असाच हल्ला झाला. लिनक्सला नाव देणारे लेम्के याच विद्यापीठातले. तेथील संशोधक टाटू युलोनेन यांनी हल्ल्यानंतर काही महिन्यांत 'सिक्युअर शेल', म्हणजे एसएसएच, लिहिले. दूरच्या यंत्राशी होणारे सारे बोलणे सांकेतिक करायचे आणि पलीकडचे यंत्र तेच आहे की दुसरेच कोणी त्याचे नाव घेऊन बसले आहे, हे गणिताने तपासायचे, असा त्याचा गाभा. बाहेरून ते मुद्दाम जुन्यासारखेच ठेवले होते. आरलॉगिनचे एसलॉगिन झाले, आरएसएचचे एसएसएच, आरसीपीचे एससीपी. सवय मोडावी लागली नाही. 'आर'च्या जागी 'एस' टंकित करायचे एवढेच. वर्ष संपेपर्यंत ५० देशांत त्याचे सुमारे २०,००० वापरकर्ते झाले.

जाळ्यावरच्या प्रत्येक सेवेला एक क्रमांक लागतो. एफटीपीचा २१, टेलनेटचा २३. युलोनेन यांना या दोघांची जागा घेणारे साधन हवे होते आणि मधला २२ रिकामा होता. १० जुलै १९९५ रोजी त्यांनी क्रमांक वाटणाऱ्या कार्यालयाला साधे पत्र लिहून तो मागितला. ना अर्ज, ना शुल्क, ना ओळखीचा पुरावा. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलेले होते : २२ तुमचा. पत्रावर नाव होते जॉइस रेनॉल्ड्स यांचे. १९८३ मध्ये टेलनेटचे आणि १९८५ मध्ये एफटीपीचे प्रमाण-टिपण जॉन पोस्टेल यांच्यासह ज्यांनी लिहिले होते, त्याच या रेनॉल्ड्स.